निरुपयोगी संतांची बाजू

एकांतवासी संतांचा आजच्या काळात उपयोग काय, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतून इतक्या सहजपणे विचारला जातो, की विचारणाऱ्याला उत्तराची अपेक्षाही उरलेली नसते. शाळा काढणारे संत आपल्याला समजतात. महारोग्यांची शुश्रूषा करणारे, अनाथांना आसरा देणारे, दूरदेशी जाऊन बाप्तिस्मा देणारे संतही समजतात. त्यांची चित्रे आपण घरात लावतो, त्यांची नावे मुलांना ठेवतो. पण कुणा गुहेत वा रानात एकटाच राहिलेला, कुणाला काही न शिकवता, काही न उभारता मरण पावलेला एखादा आयरिश तपस्वी संतांच्या दिनदर्शिकेत भेटला, की आपण ते पान उलटतो. जुन्या काळची काही तरी हौस असेल, असे मनात म्हणतो आणि पुढच्या सणाकडे वळतो.

प्रस्तुत लेख या पान उलटण्याच्या सवयीविरुद्ध आहे. तो समतोल राखण्यासाठी लिहिलेला नाही, हे वाचकांना आधीच सांगितलेले बरे. माझे म्हणणे असे, की आपल्या या नागपूर प्रांतात ख्रिस्ती एकांतवासाचे एक रोपटे सव्वाशे वर्षांपूर्वी लावले गेले होते, ते आपल्याच लोकांनी उपटले, आणि उपटणाऱ्यांची वृत्ती अद्याप आपल्यात शाबूत आहे.

खापरखेड्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्याच्या तोंडी 'उपयोग काय' हे शब्द सहज का येतात, ते समजणे कठीण नाही. येथे सारेच मोजले जाते. २१० मेगावॉटचे चार संच आणि ५०० मेगावॉटचा एक, मिळून १३४० मेगावॉट. कोळसा टनांत, पाणी घनमीटरांत, माणसाचा दिवस पाळीत. संच ट्रिप झाला की दर मिनिटाचा तोटा कागदावर मांडला जातो. जे वीज देत नाही ते बंद, आणि जे बंद ते दुरुस्त करायचे किंवा भंगारात काढायचे. वीजकेंद्राला हा न्याय शोभतो. संकट असे, की कन्हान आणि कोलार या नद्यांच्या काठी उभा राहिलेला हा हिशेब हळूहळू आपल्या प्रार्थनेतही शिरला आहे. वर्षाच्या अहवालात आपण किती बाप्तिस्मे, किती विवाह, किती मदतनिधी हे मोजतो. मौनाचा रकाना त्या अहवालात नाही. असता, तर त्यात काय लिहायचे हे कुणालाच कळले नसते.

आता सातव्या शतकातल्या संत फियाक्र यांचे उदाहरण घ्या. आपल्यापैकी फारच थोड्यांनी हे नाव ऐकले असेल, आणि म्हणूनच ते घेतो. ते आयर्लंडचे. किल्केनी परगण्यात नोर नदीच्या काठी त्यांचा पहिला एकांतवास होता, अशी परंपरा आहे. लोक त्यांच्याकडे येऊ लागले, औषधी मागू लागले, आशीर्वाद मागू लागले. तेव्हा हा मनुष्य गर्दीला कंटाळून समुद्र ओलांडून फ्रान्समध्ये उतरला आणि पॅरिसच्या पूर्वेकडील मो या गावी गेला. तेथे फारो नावाचे बिशप होते. या परक्या, अनोळखी, लांब केसांच्या माणसाने त्यांच्याकडे मागितले काय? राहायला थोडे रान. शाळेसाठी नाही, चर्चसाठी नाही, मिशनकेंद्रासाठी नाही. एकटे राहता यावे, प्रार्थना करता यावी आणि पोटापुरता भाजीपाला लावता यावा, एवढ्यासाठी. फारो यांनी ते दिले.

फियाक्र यांची जी चरित्रे आपल्यापर्यंत आली, ती त्यांच्यानंतर काही शतकांनी लिहिलेली आहेत, त्यामुळे त्यांत चमत्कारांचा सुकाळ आहे. एका दिवसात जेवढी जमीन चराने वेढशील तेवढी तुझी, असे बिशपांनी सांगितले आणि फियाक्र यांनी काठी जमिनीवरून ओढत नेताच माती आपोआप उकरली गेली, अशी एक कथा आहे. ते पाहून एका बाईने ते चेटूक करतात अशी तक्रार बिशपांकडे केली आणि म्हणून पुढे त्यांच्या मंदिरात स्त्रियांना मज्जाव झाला, अशी तिची पुरवणी आहे. (स्त्रियांना बाहेर ठेवायचे ठरले, की त्याचे खापर एखाद्या बाईवरच फोडायचे, ही लेखकांची युक्ती सर्व देशांत आणि सर्व धर्मांत सारखीच दिसते.) कथा बाजूला ठेवल्या तरी एक गोष्ट उरते. ब्रेय या गावाजवळ एक झोपडी, एक भाजीचा मळा आणि प्रवाशांसाठी एक निवारा, एवढाच या संताचा संसार होता. सुमारे ६७० साली ते वारले. माळी लोकांनी त्यांना आपले आश्रयदाते मानले. पुढे १७व्या शतकात पॅरिसमध्ये भाड्याच्या घोडागाड्या सुरू झाल्या, त्या 'सेंट फियाक्र' या नावाच्या घरापाशी उभ्या राहत. म्हणून फ्रेंच भाषेत भाड्याच्या गाडीलाच 'फियाक्र' म्हणू लागले. जो मनुष्य गर्दी टाळण्यासाठी देश सोडून गेला, त्याचे नाव अखेर शहरातल्या टांग्याला मिळाले! देवाच्या विनोदबुद्धीबद्दल शंका असणाऱ्यांनी याचा विचार करावा.

एकट्या फियाक्र यांची ही गोष्ट नव्हे. त्या काळच्या आयर्लंडमध्ये असे शेकड्यांनी लोक होऊन गेले. ग्लेन्डालॉखच्या तळ्याकाठी कडेकपारीत राहिलेले केव्हिन, केरीच्या किनाऱ्यापासून बारा किलोमीटर आत, समुद्रातल्या स्केलिगच्या सुळक्यावर दगडी घुमट्या बांधून राहिलेले अनाम संन्यासी. वाळवंट आयर्लंडात नाही. तेथे पाऊस आणि हिरवळ. तरीही इजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांची आठवण ठेवून ते आपल्या एकांताच्या जागेला 'दिसर्ट' म्हणत, आणि हा शब्द आजही कितीतरी आयरिश गावांच्या नावांत टिकून आहे. आपल्याकडे तपोवन हा शब्द जसा गावाच्या नावात शिरून बसतो, तसाच. या लोकांना रोमने कधी रीतसर संतपद दिले नाही. पोपमहोदयांनी एखाद्याला विधिपूर्वक संत घोषित केल्याचे पहिले ज्ञात उदाहरण ९९३ सालचे, आउग्सबुर्गच्या संत उलरिक यांचे आहे. त्याआधीच्या या तपस्व्यांना संत केले ते त्यांच्या शेजाऱ्यांनी. गावकऱ्यांनी त्यांच्या थडग्यापाशी दिवा लावला, बिशपांनी तो विझवला नाही, एवढेच त्यांचे संतपद.

येथे एक तपशील मुद्दाम ध्यानात घ्यावा. हे आयरिश साधू रोमच्या रीतीने वागत नव्हते. त्यांची मुंडणाची पद्धत वेगळी होती; डोक्याचा पुढचा भाग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत ते भादरीत. पुनरुत्थानाचा सण ते वेगळ्या गणिताने, वेगळ्या रविवारी पाळीत. यावरून एवढे वाद झाले, की ६६४ साली इंग्लंडातील व्हिटबी येथे धर्मसभा भरवून निवाडा करावा लागला आणि तो रोमच्या बाजूने झाला. फ्रान्समध्ये राहिलेल्या कोलंबान यांचे तर तेथील बिशपांशी याच कारणावरून हाडवैर झाले. पण कोलंबान संतच राहिले. ६१२च्या सुमारास त्यांच्यापासून मागे राहिलेला त्यांचा आजारी सोबती गाल स्वित्झर्लंडच्या रानात एकटाच राहिला आणि तोही संत झाला. त्याच्या झोपडीच्या जागी पुढे मठ झाला आणि त्या मठाचे ग्रंथालय आज जगप्रसिद्ध आहे. मुंडणाच्या भांडणात कुणी त्यांच्या झोपड्या मोडल्या नाहीत.

आता आपल्याकडे वळू. विशाखापट्टणमच्या मार्गाने जे धर्मगुरू नागपूर प्रांतात आले, ते संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे, फ्रान्समधील आनसी येथील. कोलंबान आणि त्यांच्या सोबत्यांनी ज्या मुलखात श्रद्धेची धुगधुगी फुंकून चेतवली, त्याच्याच शेजारचा हा सॅव्हॉय प्रदेश. आपल्याला श्रद्धा दिली त्या लोकांच्या श्रद्धेत या निरुपयोगी एकांतवासीयांचा वाटा होता, असे म्हटल्यास इतिहासाशी फार मोठा द्रोह होणार नाही. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला. त्याचा विस्तार प्रचंड होता. जबलपूरही त्याच्या कक्षेत येत असे. आणि त्याच जबलपुरात, नर्मदेकाठी, १८९९ साली एका कॅथलिक संन्याशाने मठ स्थापन केला. त्याचे नाव ब्रह्मबांधव उपाध्याय.

ते बंगालचे. हुगळी जिल्ह्यातील खन्यान या गावी ११ फेब्रुवारी १८६१ रोजी जन्मले. मूळ नाव भवानीचरण बंद्योपाध्याय. केशवचंद्र सेन यांच्या प्रभावाने ब्राह्मसमाजात गेले, प्रचारासाठी सिंधमध्ये गेले, तेथेच १८९१ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्याच वर्षी कराचीत ते कॅथलिक झाले. १८९४ साली त्यांनी 'सोफिया' हे मासिक सुरू केले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस भगवी वस्त्रे परिधान केली. गळ्यात क्रूस, अंगावर भगवे, पायांत काही नाही. मिस्साला या वेषात आले तेव्हा तेथील धर्मगुरूंनी आक्षेप घेतला. प्रकरण मुंबईपर्यंत गेले आणि परवानगी मिळाली. पुढच्या वर्षांत त्यांनी पवित्र त्रैक्याची स्तुती करणारे 'वंदे सच्चिदानंदम्' हे संस्कृत स्तोत्र रचले. आज तुमच्याआमच्या धर्मप्रांतीय मेळाव्यांत, दीक्षाविधींत, व्रतस्थांच्या मठांत ते गायिले जाते. किती जणांना त्याच्या कर्त्याचे नाव ठाऊक आहे, हे पुढच्या मेळाव्यात आपापल्या शेजाऱ्याला विचारून पाहावे.

नर्मदेकाठच्या त्या मठाची कल्पना साधी होती. काही जणांनी तेथे राहून ध्यान, प्रार्थना आणि तप करावे. काही जणांनी संन्याशाप्रमाणे पायी हिंडून प्रभूचे नाव सांगावे. अन्न शाकाहारी, वस्त्र भगवे, ख्रिस्तसभेशी निष्ठा पूर्ण. अणिमानंद हे त्यांचे सिंधी शिष्य बरोबर होते. नागपूरचे तत्कालीन बिशप पेल्वा यांनी या प्रयत्नाला अनुकूलता दाखवली. मो येथील फारो यांनी जे केले, तेच बाराशे वर्षांनी नागपूरच्या एका फ्रेंच बिशपांनी केले, ही आपल्या धर्मप्रांताच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे आणि ती आपण कधीच सांगत नाही.

सांगत नाही याचे कारण पुढे काय झाले ते आहे. पोपमहोदयांचे प्रतिनिधी म्हणून त्या वेळी भारतात झालेस्की हे पोलिश आर्चबिशप होते. हिंदू संन्याशाच्या वेषाने आणि वेदान्ताच्या भाषेने ख्रिस्ती श्रद्धा गढूळ होईल, अशी त्यांची भीती होती. त्यांचा विरोध ठाम होता. बिशपांची परवानगी टिकली नाही आणि मठ काही महिन्यांतच मोडला. १९०० साली उपाध्याय कलकत्त्यास गेले, 'सोफिया' साप्ताहिक रूपात काढले, तर कॅथलिकांनी ते वाचू नये असा आदेश निघाला. पुढे त्यांनी १९०१ साली रवींद्रनाथांना शांतिनिकेतनच्या शाळेच्या उभारणीत साहाय्य केले, इंग्लंडात जाऊन व्याख्याने दिली, आणि १९०४ पासून 'संध्या' या बंगाली पत्रातून इंग्रज सरकारवर आग ओतली. १९०७ साली राजद्रोहाच्या खटल्यात अटक झाली. खटला चालू असतानाच, शस्त्रक्रियेनंतर धनुर्वात होऊन २७ ऑक्टोबर १९०७ रोजी ते कलकत्त्याच्या रुग्णालयात वारले. त्यांचे दहन झाले.

येथे माझे सुजाण वाचक मला थांबवतील, हे मी जाणतो. मरणापूर्वी काही आठवडे उपाध्यायांनी ब्राह्मणी पद्धतीने प्रायश्चित्त घेतले होते. मग त्यांना संत फियाक्र यांच्या पंगतीत कसे बसवता? मी बसवीत नाही. त्यांना संतपद द्यावे अशी मागणी या लेखात कोठेही नाही. त्यांच्या 'संध्या'तील भाषेत द्वेषाचा अंश होता आणि प्रभूच्या शिष्याला तो शोभणारा नव्हता. त्या प्रायश्चित्ताचा अर्थ धर्मत्याग होता की समाजात पुन्हा वावरण्यासाठी केलेला सामाजिक विधी होता, यावर अभ्यासक अद्याप वाद घालतात. त्यांचे शिष्य अणिमानंद अखेरपर्यंत गुरूला ख्रिस्तभक्तच मानत राहिले. पण मुद्दा वेगळा आहे. नदीकाठी मौन पाळायला निघालेला मनुष्य आठ वर्षांनी राजद्रोहाच्या खटल्यात कसा पोहोचला? ज्याने ध्यानासाठी जागा मागितली त्याला ती मिळाली असती, तर तो सनातन्यांच्या दारी प्रायश्चित्त घ्यायला गेला असता का? निश्चित उत्तर कुणी देऊ शकत नाही. परंतु त्याच्या शेवटाकडे बोट दाखवून त्याच्या आरंभाला दोष देणे, हे आधी रोपटे उपटून मग त्याला फळे आली नाहीत म्हणून हिणवण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो आपल्याच अंगणातून येतो. भगवे, संस्कृत, वेदान्त हे सारे ब्राह्मणी आहे, त्याच्याशी आमचा संबंध काय, असे आपल्यातील अनेक जण विचारतात आणि विदर्भात तरी हा प्रश्न हलक्याने घेता येत नाही. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखोंच्या साक्षीने जातिव्यवस्थेकडे पाठ फिरवली, त्या नागपूरच्या परिसरात बसून आपल्या पूर्वजांनी सोसलेला जातीचा चटका विसरावा, असे मी म्हणू शकत नाही. उपाध्यायांनी वर्णाश्रमाची बाजू घेतली, ब्राह्मण्याचा अभिमान सोडला नाही. ही त्यांची सर्वांत मोठी उणीव, आणि झालेस्कींनी त्यांना यासाठी रोखले असते तर मी झालेस्कींच्या बाजूने लिहिले असते. पण एकांत ही ब्राह्मणांची मिरास नाही. तुकोबा वाणी होते आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर बसत. फियाक्र भाजी लावीत. स्केलिगवरच्या साधूंना तर कोणता वेद माहीत होता? योहान बाप्तिस्ता टोळ आणि रानमध खाऊन रानात राहिला, आणि खुद्द आपला प्रभू गर्दी वाढली की पहाटेच्या अंधारात एकट्याने बाहेर जाऊन प्रार्थना करीत असे, ही शुभवर्तमानातली साक्ष आहे. आपल्याला ब्राह्मणी आश्रम नको असेल, तर गोंडाच्या झोपडीसारखा कुडाचा एकांतवास बांधा. भगवे नको असेल तर पांढरे, तेही नको असेल तर पाळीवरून परतणाऱ्या कामगाराचा खाकी सदरा चालेल. वस्त्रावरून भांडण करणारे दोन्ही बाजूंना सापडतात. मला खोलीबद्दल बोलायचे आहे.

तिसरीकडून असे सांगितले जाते, की ख्रिस्ती आश्रम म्हणजे धर्मांतराचा बुरखा, असा आरोप होतो आणि आताच्या दिवसांत तो ओढवून घेणे शहाणपणाचे नाही. सीताराम गोयल यांनी १९८८ साली कॅथलिक आश्रमांवर एक संपूर्ण पुस्तकच लिहिले. त्याचा सूर काय असेल ते सांगायला नको. भीती मला समजते. मात्र ज्या माणसाकडे ना शाळा आहे, ना दवाखाना, ना वाटायला धान्य, ना द्यायला नोकरी, त्याने कुणाला आमिष दाखवून बाटवले असा आरोप करणे सर्वांत कठीण आहे. आपल्या मोठ्या इमारतींवर संशय घेणाऱ्यालाही एका खोलीत गुडघे टेकून बसलेल्या म्हाताऱ्याविषयी काय म्हणावे ते सुचणार नाही.

आणि आपल्या शेजाऱ्यांना हे समजते. समजत नाही ते आपल्याला. खापरखेड्याहून जवळच, सावनेर तालुक्यातच, कन्हानच्या काठी वाकी आहे. तेथे ताजुद्दीनबाबा काही वर्षे राहिले. त्यांचाही जन्म १८६१ सालचाच, २७ जानेवारीचा, कामठीतला. उपाध्यायांपेक्षा अवघे पंधरा दिवस मोठे. कामठीच्या छावणीत वाढलेला हा मनुष्य फौजेतली नोकरी सोडून अवलिया झाला, १८९२ साली त्याला नागपूरच्या वेड्यांच्या रुग्णालयात ठेवण्यात आले आणि पुढे १९०८ साली रघुजीराजे भोसल्यांनी त्याला बाहेर काढले. वाकीला त्याला ठेवून घेतले ते एका हिंदू पाटलाने. १९२५ साली त्याचे देहावसान झाले. नागपूरच्या ताजबागेत आणि वाकीच्या दर्ग्यात आजही हिंदू, मुसलमान आणि, खोटे कशाला बोलायचे, आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी बायामाणसे जातात. धर्मगुरूंनी प्रवचनात कितीही समजावले तरी जातात. का जातात? माझ्या समजुतीप्रमाणे याचे एक कारण असे, की कुणीतरी आपल्यासाठी देवापाशी नुसते बसून आहे, ही भूक त्यांना लागलेली असते, आणि आपल्या आवारात त्यांना कार्यालय सापडते, वेळापत्रक सापडते, देणगीची पावती सापडते. बसलेले माणूस सापडत नाही. एका पाटलाने वेडा ठरवलेल्या फकिराला नदीकाठी जागा दिली. त्याच धर्मप्रांताच्या हद्दीत, नदीकाठी बसलेल्या आपल्या संन्याशाला आपण उठवले.

हे सारे जुने उकरून काढण्याचे कारण ताजे आहे. एका धर्मग्रामातील (नाव घेत नाही, कारण ते कुठलेही असू शकते) एक निवृत्त कामगार, विधुर, मुले मार्गी लागलेली. त्याने आपल्या धर्मग्राम समितीकडे अर्ज केला, की चर्चच्या आवाराच्या टोकाला पडीक असलेल्या खोलीत मला राहू द्यावे. जेवण मी स्वतः करीन, निवृत्तिवेतन मला पुरते, दिवसभर प्रार्थना करीन, कुणी आले तर त्यांच्यासाठीही करीन. अर्जावर तीन बैठका झाल्या. आजारी पडला तर जबाबदार कोण, असा एक प्रश्न आला. आज याला दिले तर उद्या दहा जण मागतील, असे एकाने म्हटले. (एका धर्मग्रामात दहा जण प्रार्थनेसाठी संसार सोडायला निघाले, तर आर्चबिशपांना तार करावी, अशी ती बातमी!) अखेरीस त्या खोलीत खुर्च्या आणि मंडपाचे सामान ठेवावे असा ठराव झाला आणि त्या गृहस्थाला, तुमच्या भक्तिभावाचा आम्ही आदर करतो, असे पत्र गेले. खुर्च्यांचा उपयोग आहे, हे मान्य केले पाहिजे.

त्या समितीतील कुणाला ठाऊक नव्हते असे दिसते, की ख्रिस्तसभेने या प्रश्नाचे उत्तर कधीच दिलेले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मिशनकार्यावरील आपल्या आदेशात स्पष्ट म्हटले, की शुभवर्तमान पोहोचण्यापूर्वीच देवाने ज्या प्राचीन संस्कृतींत तपाची आणि ध्यानाची बीजे पेरली, ती ख्रिस्ती व्रतस्थ जीवनात कशी सामावून घेता येतील याचा विचार व्हावा. म्हणजे उपाध्यायांचे नर्मदेवरचे गाऱ्हाणे साठाहून अधिक वर्षांनी रोममध्ये मान्य झाले. त्यानंतर १९८३ सालच्या नव्या धर्मसंहितेत ६०३ क्रमांकाचे कलम आले. १९१७ च्या जुन्या संहितेत असे कलमच नव्हते. या कलमानुसार, जगापासून अधिक दूर राहून, एकांताच्या मौनात, अखंड प्रार्थना व तप करीत देवाच्या स्तुतीसाठी आणि जगाच्या तारणासाठी जो आयुष्य वाहतो, त्याला ख्रिस्तसभा मान्यता देते. त्याने ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही व्रते आपल्या बिशपांच्या हाती जाहीरपणे घ्यावीत आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली आपला जीवनक्रम पाळावा, एवढीच अट. संघ लागत नाही, मठ लागत नाही, इमारतनिधी लागत नाही. स्त्रियांनाही ते कलम तितकेच खुले आहे; फियाक्र यांच्या चरित्रकारांनी घातलेला मज्जाव त्यात नाही.

तेव्हा मागणी मोठी नाही आणि ती भावनेवर आधारलेलीही नाही. ती संहितेतल्या एका कलमाची अंमलबजावणी आहे. प्रत्येक डीनरीत एक तरी खोली अशी राखून ठेवावी, की जिच्यात खुर्च्या, मंडप, बॅनर आणि नाताळच्या गोठ्याचे सामान ठेवता येणार नाही. कुणी अर्ज केला तर त्याची तपासणी कडक करावी. वर्ष दोन वर्षे थांबवावे. डॉक्टरचा आणि आध्यात्मिक मार्गदर्शकाचा अभिप्राय घ्यावा. ढोंगी लोक येतील, घरच्यांशी भांडून आलेले येतील, फुकटची जागा शोधणारेही येतील. त्यांना परत पाठवायला आपल्याकडे धर्मगुरू आहेत आणि त्यांना माणसांची पारख आहे. मात्र अर्जाचा निकाल समितीने बैठकीत हात वर करून लावू नये. कलमात बिशपांचे नाव आहे, समितीचे नाही. फारो आणि पेल्वा हे दोघेही बिशप होते, आणि दोघांनीही आलेल्या माणसाकडे स्वतः पाहिले, मग उत्तर दिले.

त्या निवृत्त कामगाराचा अर्ज समितीच्या फायलीत पडून आहे. तो फेटाळला गेला असला तरी बिशपांपर्यंत पोहोचलेला नाही. तो पोहोचवावा, एवढी विनंती ज्याच्या ताब्यात ती फाईल आहे त्या सचिवांना, हे त्रैमासिक त्यांच्या घरी येते म्हणून, येथेच करतो. खोलीची किल्ली सध्या मंडपवाल्याकडे असते.